पुढचा पाय

मला स्नोबोर्ड चालवता येतो, असं मी हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. आमचं गाव जैनाबाद, बऱ्हाणपूरहून तापी ओलांडली की लगेच. आमच्याकडे बर्फ दिसतो तो बऱ्हाणपूरच्या शनवारा बाजारातल्या गोळेवाल्याकडे, तोही भुशात गुंडाळलेला. वैशाखात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायला तयार नसतं. अशा गावातली, केळीचा बाग सांभाळणारी, पन्नाशीला टेकलेली बाई हिमालयात जाते, दोन्ही पाय एका फळीला बांधून घेते आणि उतारावरून घसरते म्हटल्यावर लोकांनी हसू नये तर काय करावं? 'चालवता येतो' याचा अर्थही जरा सांगून टाकते. शिकाऊ उतारावरून न पडता मी खाली येते. वळतेही, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला वळायचं अजून राहिलं आहे.

जे तिथे गेले नाहीत आणि जायची शक्यताही कमी, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यात आमच्या घरातले पुष्कळजण आले.

जैनाबाद

माझा मुलगा नीलेश देहरादूनला नोकरीला होता. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने दोन बातम्या एकदम दिल्या. पहिली अशी की तो नोकरी सोडून बाग बघायला परत येणार. हे ऐकून आमचे हे तीन दिवस उगाचच हसत फिरत होते. दुसरी अशी की कंचन नावाची एक मुलगी आहे, गढवालची, औलीला राहते, आणि लग्न करायचं तर तिच्याशी. मुलगी काय करते, असं ह्यांनी विचारलं. 'बोर्डावर शिकवते' एवढंच नीलेश बोलला. बोर्ड म्हणजे फळा असं समजून हे खूश झाले. सून मास्तरीण मिळते आहे, असं त्यांनी शेजारीही सांगून टाकलं. हा बोर्ड पायाखाली घेतात आणि शाळा बर्फावर भरते, हे त्यांना पटवायला पूर्ण एक संध्याकाळ गेली.

खरी अडचण पुढे होती. लग्नानंतरही बर्फ असेपर्यंत, म्हणजे सगळा हिवाळा, कंचन औलीलाच राहणार होती. उरलेलं वर्ष जैनाबादला. मी म्हटलं, ही कसली सून, हिवाळा आला की उडून जाणाऱ्या पाखरासारखी? संक्रांतीला घरात सून नाही, लोकांना काय सांगायचं? ह्यांनी नेहमीप्रमाणे सगळं माझ्यावर टाकलं, 'तू म्हणशील तसं.' नीलेशने तर कहर केला. तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही, असं तो शांतपणे सांगून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं.

मग कंचनचा निरोप आला. नाही म्हणायचं असेल तर आईंनी जरूर म्हणावं, पण आधी औलीला येऊन चार दिवस बोर्ड शिकावा, मग म्हणावं. म्हणजे मुलगी बघायला आम्ही जायचं आणि परीक्षा माझी! रागाच्या भरात मी कबूल केलं. शनवाऱ्यातून लोकरीचे मोजे आणले, दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, मोठा डबा भरून घेतला आणि मनातल्या मनात नकारही पक्का बांधून घेतला. चार लोकांत गोड बोलून द्यायचा नकार, दराब्याबरोबर.

सोबत माझी नणंद वत्सलाताई. वयाने माझ्याहून लहान, पण माहेरवाशीण म्हणून मान मोठा. त्यांना हे स्थळ मुळीच पसंत नव्हतं आणि म्हणूनच त्या यायला सगळ्यात आधी तयार झाल्या.

औली

प्रवासाचं रडगाणं गात बसत नाही. दिल्ली, हरिद्वार, मग गाडीतून दिवसभर वळणंच वळणं, आणि वत्सलाताईंचं पोट. एवढं मात्र सांगते की तिथल्या नद्या फार आवाज करतात. आमची तापी पोटात गोष्ट ठेवणारी बाई आहे, तिथल्या नद्या सगळं ओरडून सांगतात.

औलीला पोचलो आणि मी गप्प झाले. असं सहसा होत नाही. समोर नंदादेवी, खाली देवदारांची रांग आणि मधे इतकं पांढरं की डोळ्यांत पाणी यावं. हवा नाकातून आत गेली की आत कुठपर्यंत गेली ते कळत होतं. वत्सलाताईंनी चिमूटभर बर्फ उचलून तोंडात टाकला. "यात शरबत पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

कंचन समोरून आली. ठेंगणी, मजबूत, दंडात ताकद असलेली पोरगी. चेहरा उन्हाने रापलेला आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचे दोन गोरे गोल. नमस्काराला वाकायला गेली तर ते जाड बूट तिला वाकू देईनात, म्हणून सरळ गुडघ्यांवर बसली आणि माझ्या पायांना हात लावला. तोंडाने आशीर्वाद दिला, पण नकार पोटात असल्यामुळे तो जरा तुटकच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला कपडे आणून दिले. जन्मात पहिल्यांदा मी पँट घातली, तीही छातीपर्यंत येणारी. वर जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, मनगटांना पट्ट्या. नीलेशला मी आधीच बजावलं होतं की देहरादूनलाच थांबायचं, उताराच्या आसपास दिसायचं नाही. पण वत्सलाताई होत्या. त्यांनी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. थोड्या वेळाने ह्यांचं उत्तर आलं, 'हा माणूस कोण आहे?'

"वहिनी, पाटावर बसतात," फळी बघून वत्सलाताई म्हणाल्या, "उभं नही राहत."

तिथून पुढे आमच्यात त्या फळीचं नाव पाट पडलं ते पडलंच.

पाटावर पाय बांधायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. कुठला पाय पुढे आणि कुठला मागे. ते माणसाच्या अंगात जन्मापासून असतं म्हणे, त्याचं त्यालाही माहीत नसतं. कंचनने मला सरळ उभं राहायला सांगितलं आणि माझ्या मागे गेली. मला वाटलं, पट्टा घट्ट करते आहे. तेवढ्यात तिने पाठीवर हलकेच हात टेकवला. आता ही ढकलणार, हे माझ्या लक्षात आलं. मी एवढी वर्षं संसार केला आहे, पाठीमागचं मला कळतं. आणि काहीतरी नवं सुरू होतंय म्हटल्यावर मी विचार करून, जाणूनबुजून, उजवा पाय पुढे टाकला.

"आप गूफी हैं, आंटी," ती आनंदाने म्हणाली. ज्यांचा उजवा पाय पुढे असतो त्यांना तिकडे गूफी म्हणतात. असे लोक कमी असतात, असंही तिने सांगितलं. मला जरा बरं वाटलं. नंतर फोनवर नीलेशला विचारलं तेव्हा कळलं की त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बावळट.

येडी

पहिला सगळा दिवस मी पडले. पुढे पडले, मागे पडले, उभी असताना पडले, एकदा तर बसलेली असताना पडले. ते कसं, हे मलाही सांगता येणार नाही. कंचनची शिकवायची तऱ्हा अशी की ती माझ्यासमोर उभी राहायची, माझे दोन्ही हात हातात घ्यायची आणि पाठ उताराकडे करून मागे मागे चालायची. स्वतः कुठे चालली आहे ते ती बघत नव्हती. नजर सारखी माझ्या तोंडावर. तिने हात धरले असेपर्यंत मी उभी राहायची. तिने हात सोडले की माझी गाठ बर्फाशी.

दुपारी तिने मला पाट आडवा धरून एकटीला सोडलं आणि स्वतः खाली जाऊन उभी राहिली. मी घसरायला लागले. वारा, कानांवर टोपी, टोपीवर हेल्मेट, आणि त्यातून तिचा आवाज आला, "येडी! येडी!"

मी आदळले. पडल्याचं काही नव्हतं, त्याची आता सवय झाली होती. पण होणारी सून सासूला वेडी म्हणते? तीही आमच्या बोलीत, चार लोकांसमोर? तिथल्या तिथे उठून निघून जावं असं वाटलं. पण दोन्ही पाय पाटाला बांधलेले असताना रागावून निघून जाता येत नाही. या खेळाची ही एक मोठी सोय आहे. मी बसल्या जागेवरूनच ओरडले.

"येडी कोणाले म्हणते तू?"

पोरगी पांढरी पडली. तिला मराठी कळेना, पण राग कळला. धावत वर आली आणि माझ्या बुटाच्या टाचेवर हात ठेवून म्हणाली, "एड़ी, आंटी. एड़ी पे वज़न डालो, बोल रही थी."

एड़ी म्हणजे टाच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बऱ्हाणपुरात अर्धा दिवस हिंदीतच जातो, बाजार हिंदी, बँक हिंदी, भांडणही पुष्कळदा हिंदीच. तरी त्या क्षणी कानाला मराठीच ऐकू आलं. शिवी माणसाला आधी स्वतःच्या भाषेत ऐकू येत असावी. वत्सलाताई दूर उन्हात खुर्ची टाकून शेंगदाणे खात होत्या. त्यांना सगळा प्रकार कळला आणि त्यांचं हसणं काही थांबेना. सकाळी गूफी आणि दुपारी येडी, असा हिशोब त्यांनी रात्री ह्यांना फोनवर दिला.

मला हसू यायला जरा वेळ लागला. पण आलं. आणि टाचेवर भार दिला की पाट थांबतो, हेही तेव्हाच डोक्यात बसलं. येडी म्हणजे थांबा. हा धडा मी विसरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आडवं घसरणं जमायला लागलं. गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं. पाणी दिलेल्या बागेतून चिखलात चालताना आपण असेच चालतो, त्यामुळे ते अंगात होतं. पण पाटाचं तोंड खाली वळलं रे वळलं की सगळं बिनसायचं. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. कोणीतरी मला उलटा सदरा घातला आहे असं वाटायचं. कंचन सारखी विचारात पडायची. माझ्यात कुठे चुकतं आहे ते तिला सापडत नव्हतं आणि मला वाटत होतं, चूक माझ्या वयात आहे.

वत्सलाताईंनी मात्र औली पुरती वसूल केली. तिथे डोंगरावर नेणारे लोंबते पाळणे आहेत. त्यात बसून त्या वर जायच्या आणि न उतरता तशाच खाली यायच्या. उतरायच्या जागी तिथला माणूस हात पुढे करायचा, त्या त्याला हात जोडायच्या. जत्रेत पाळण्यातून मधेच कोण उतरतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळची एक गोष्ट मनात राहिली. उतारावर जायच्या आधी कंचन खाली वाकली, मूठभर बर्फ घेतला, दाबला, मूठ उघडून बघितला, फेकून दिला आणि म्हणाली, आज वरच्या बाजूला नको, खाली शिकू. मी जागीच थांबले. आमचे हे रोज सकाळी बागेत हेच करतात. मूठभर माती घेतात, दाबतात, मूठ उघडतात आणि पाणी सोडायचं की नाही ते ठरवतात. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. कंचनलाही मी काहीतरी विचारलं होतं. तिलाही ऐकू आलं नव्हतं.

चुलीपाशी

त्याच संध्याकाळी कंचनच्या आईने जेवायला बोलावलं. घर औलीच्या खालच्या गावात. वडील फौजेत, दूर कुठेतरी नेमणूक. आई मोजकं बोलणारी, गालांवर लाली, डोक्याला रुमाल. तिने आम्हाला चुलीच्या अगदी जवळ बसवलं.

जेवणात नाचणीची काळपट भाकरी, नाचणीला तिकडे मंडुवा म्हणतात. वर तुपाची धार. गहतची डाळ, म्हणजे आपले कुळीथच. ताटातून आपलं माणूस भेटावं तसं मला वाटलं. भांगेच्या बियांची चटणी होती. त्या बियांना नशा नसते असं कंचनच्या आईने तीनदा सांगितलं, तरी वत्सलाताई चटणी खाऊन बराच वेळ भिंतीकडे बघत वाट पाहत होत्या. शेवटी भगरीची खीर आली. ताईंनी माझ्या कानात विचारलं, "आज एकादस हाये का?" आपण उपासाला जी भगर चाळून निवडून खातो, ती हे लोक मंगळवारी सहज खीर करून खातात. आमचा दराबा त्यांना फार आवडला. रवा आणि तूप एवढं हलकं कसं होतं, हे तिच्या आईला काही केल्या कळेना. हातानं घोटून, असं मी सांगितलं आणि घोटायला लागणारा वेळ सांगितला नाही.

मग तिने हळूच मनातलं विचारलं. तुमच्याकडे गरमी फार असते म्हणे? मी खरं सांगितलं. ती आपल्या मुलीकडे बघत राहिली.

"दीदी, मेरी लड़की तो पिघल जाएगी," ती म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या घरातही कोणीतरी पोटात नकार घेऊन बसलं आहे. हात धुवायचं निमित्त करून मी अंगणात आले. सांडलेलं पाणी गोठून फरशी काचेसारखी झाली होती. मी उंबऱ्याबाहेर आले आणि घसरले. सर्रकन पुढे गेले, पण पडले नाही. दोन्ही हात पसरून, गुडघे वाकवून, जनावरांच्या दावणीपाशी नीट थांबले. स्वतःचाच मला अभिमान वाटला.

मागून कंचन ओरडली. मला वाटलं घाबरली. पण ती माझ्या पायांकडे बघत होती.

"आंटी, बायाँ! आपका बायाँ पैर आगे गया!"

मी खाली बघितलं. खरंच डावा पाय पुढे होता. ती म्हणाली, मग तुम्ही गूफी नाहीच, सगळं उलटं बांधलं आहे, दोन दिवस तुम्ही उलट्या पायाने शिकता आहात. आणि मग तिने विचारलं, काल मी पाठीवर हात टेकवला तेव्हा तुम्ही उजवा का टाकलात?

मी सांगितलं. आमच्याकडे चांगल्या कामाची सुरुवात डाव्या पायाने करत नाहीत. पेरणीला शेतात पाऊल टाकायचं तर उजवं. नव्या घरात उजवं. नवी सून उंबऱ्यावरचं माप लवंडते तेही उजव्या पायाने. तू मागून हात टेकवलास, काहीतरी सुरू होतंय असं वाटलं, म्हणून मी आठवणीने उजवा टाकला.

ती खूप हसली. तिची आईही दारात येऊन हसली. मग कंचनचं हसू हळूहळू थांबलं.

"मतलब," ती म्हणाली, "आपने उस दिन शुभ काम समझ के पैर रखा था?"

मी जैनाबादहून नकार बांधून आणला होता, आणि तरी शुभ काम समजून उजवं पाऊल मीच टाकलं होतं.

"नीलेश ने बताया था," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आप ना बोलने आई हैं."

"हां," मी म्हणाले. "ना बोलनेच आई थी."

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि तिची आई धावत आत गेली. आम्हीही मागोमाग गेलो. वत्सलाताई चुलीपाशी बसूनच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कंचनला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली आणि डब्यातला उरलेला दराबा तिच्या ताटलीत वाढला.

उतार

सकाळी कंचनने स्वतः पाना घेऊन माझ्या पाटावरचे पट्टे उलटे बसवले. डावं पुढे, उजवं मागे. स्क्रू घट्ट करून तिने पाट हलवून बघितला. मग तिने माझे दोन्ही हात धरले, मागे मागे चालत मला थोडं खाली आणलं आणि हात सोडले.

मी गेले.

कसं सांगू? उलटा सदरा सुलटा घातल्यासारखं झालं. खांदे, कंबर, गुडघे सगळे एका दिशेला. पाटाचं तोंड खाली वळलं आणि मी घाबरले नाही, एका बाजूला वळलेसुद्धा. पुढच्या पायावर भार, असं ती दोन दिवस घसा फोडून सांगत होती, ते आता आपोआप होत होतं. कानाशी वारा. बर्फाचा बारीक खरखर आवाज. आणि मी ओरडत होते, काय ते आठवत नाही, मराठीत होतं एवढं नक्की. लग्न झाल्यापासून मी जिथे गेले तिथे कोणाच्या तरी कामासाठी गेले. दवाखान्यात, बाजारात, बँकेत, कोणाच्या लग्नाला. या उतारावर माझं काहीच काम नव्हतं. मला फार, फार आनंद झाला.

खाली सपाटीला आले, येडी आठवली, टाचेवर भार दिला आणि थांबले. मग अर्थातच पडले. पण थांबल्यानंतर पडले.

कंचन धावत आली आणि माझ्यासमोर बर्फात बसली. तिच्या मागे वरचा उतार दिसत होता, ऊन आलेला, चकाकणारा. मला ह्यांची मूठ आठवली. बागेत केळी निसवायला लागते, म्हणजे घड बाहेर पडायला लागतात, तेव्हा आमच्या घरातून कोणी लग्नाला जात नाही, बारशाला जात नाही, आणि नाही गेलो म्हणून कोणी नावं ठेवत नाही. हंगाम आहे म्हटलं की सगळ्यांना कळतं. या पोरीचाही हंगाम होता. तो थंडीत येत होता, एवढाच फरक.

मी तिला तसंच सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. बर्फ असेल तोवर तू इथे, तुझा हंगाम आहे. बर्फ संपला की बाग तुझा. कोणी विचारलं तर मी सांगेन. पण माझीही एक अट आहे, दर हिवाळ्यात मला दुसऱ्या बाजूला वळायला शिकवायचं.

ती पुढे सरकली. माझ्या पायाशी वाकली. पट्टे सोडायला वाकली की पाया पडायला, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या आईला सांगितलं की तुमची मुलगी पिघळणार नाही. माठाचं पाणी आहे, तापी आहे, केळीच्या बागेत भर दुपारीही सावलीचा गारवा असतो. आणि फारच झालं तर मी स्वतः तिला घेऊन इकडे येईन, मलाही आता कारण मिळालं आहे. ती डोळे पुसत हसली आणि तिने मला पहिल्यांदा समधण, म्हणजे विहीण म्हटलं. ह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मले त पहिल्या दिवसापासून मालूम होतं." कसं मालूम होतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पुन्हा जैनाबाद

लग्न वैशाखात धरलं. बर्फ संपल्याशिवाय नवरी मोकळी होत नव्हती. वऱ्हाडी गढवालचे, त्यांच्या डोक्यांवर ओले पंचे. कंचनची आई माठापासून हलायला तयार नव्हती. पण कोणी पिघळलं नाही.

गृहप्रवेशाला दारात ही गर्दी. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलेलं. वत्सलाताई आता नवरीच्या पक्क्या बाजूच्या झाल्या होत्या आणि तिच्या कानात सारखं सांगत होत्या, "उजवा बरं का, उजवा." मी ओवाळणीचं ताट शेजारी देऊन आतल्या बाजूला उभी. कंचनने उजवा पाय उचलला. जड शालूचा काठ त्या पायात अडकला आणि ती पुढे कोलमडली. आता मापासकट तोंडावर येणार, असं सगळ्यांना वाटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

"एड़ी! एड़ी!"

तिने टाचेवर भार दिला. गुडघे वाकले, हात पसरले आणि त्या एवढ्या शालूत, दागिन्यांत, पोरगी जागच्या जागी थांबली. मग पाट सुटावा तसा तिचा डावा पाय पुढे आला आणि माप उडालं. तांदूळ पार देव्हाऱ्यापर्यंत गेले.

दारातल्या पन्नास माणसांनी दोनच गोष्टी पाहिल्या-ऐकल्या होत्या. नवी सून डाव्या पायाने घरात येते आहे आणि सासूने तिला दोनदा येडी म्हटलं आहे.

"अगं, आजच्या दिवशी तरी," हे हळूच म्हणाले.

कंचन हलली नाही. डावा पाय उंबऱ्याच्या आत, उजवा बाहेर, आणि नजर माझ्या तोंडावर. तिच्या घराच्या अंगणात ती जमिनीकडे बघत माझ्या नकाराबद्दल बोलली होती, तेव्हाचा चेहरा मला दिसला.

"तिचा पुढचा पाय डावाच आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझाही."

आणि तांदळातून पुढे होऊन मी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि पाठ घराकडे करून, तिच्या तोंडाकडे बघत, मागे मागे चालत तिला आत आणलं.